लेखकाला दुकानात बोलवायचं असेल तर

मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात १८९३ पासून आहे. तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे, घोडबंदर रस्त्याच्या बाजूला घाणेकर नाट्यगृह आहे, २०१० चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथेच भरलं होतं. लेखक बघायला मिळत नाहीत अशी या शहराची तक्रार कधीच नव्हती. तरीही नौपाड्यातल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात मी महिन्यातून एकदा लेखकाला बोलावते. सभागृहात लेखक दिसतो, त्याच्याबद्दल पुष्कळ ऐकू येतं, पण त्याचं लिखाण त्याच्याच आवाजात कानावर पडतं असं क्वचितच होतं. प्रकाशन समारंभात पाहुणे पुस्तकाबद्दल बोलतात, प्रकाशक बोलतात, आभार मानणाराही दहा मिनिटं बोलतो. पुस्तक उघडून चार पानं कोणी वाचत नाही. ते काम दुकानात होऊ शकतं, आणि मला वाटतं ते दुकानातच सगळ्यात चांगलं होतं.

ऐरोली, डोंबिवली, वाशीकडचे वाचनालयवाले आणि नवे दुकानदार विचारतात, ताई, हे जमवता कसं? त्यांच्यासाठी सगळं एकदा लिहून काढते आहे. माझं दुकान साडेचारशे चौरस फुटांचं, सोसायटीच्या तळमजल्यावर. तुमची जागा मोठी असेल तर आकडे तुमच्या मापाने वाढवा.

समारंभ नको

आधी काय करायचं नाही ते ठरवा. प्रमुख पाहुणे नकोत, दीपप्रज्वलन नको, व्यासपीठ नको. शाल-श्रीफळही नको. लेखकाचा मान ठेवायचा असेल तर त्याला मानधन द्या. पाकिटात घालून, कार्यक्रम सुरू होण्याआधी, चारचौघांत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती निमंत्रणातच सांगितलेली असावी आणि प्रवासखर्च तिच्यात धरलेला नसावा. पुष्पगुच्छाला जातात ते पैसे त्या पाकिटात घाला. लेखक तुमच्याकडे येतो तेव्हा त्याचा अख्खा दिवस जातो. ‘आमच्याकडचे वाचक फार चांगले आहेत’ एवढ्याने त्या दिवसाची भरपाई होत नाही. पुस्तकं विकून पोट भरणाऱ्यांनी लेखकाला फुकट राबवू नये, याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

वेळ मी अशी धरते: साडेसहाला सुरुवात, तीन मिनिटं ओळख, अर्धा तास वाचन, वीस मिनिटं गप्पा, पंधरा मिनिटं वाचकांचे प्रश्न. पावणेआठच्या आत बोलणं संपतं. पुढचा पाऊण तास स्वाक्षऱ्यांचा. साडेआठला शटर अर्धं खाली. हा पाऊण तास पहिल्यापासून वेळापत्रकात धरला नाही तर भाषणं त्याला खाऊन टाकतात. मग लेखक ‘माझी गाडी आहे’ म्हणत उभ्या उभ्या सह्या करतो आणि वाचक पुस्तक हातात धरून तसाच परत जातो.

तारीख

ठाण्याला शनिवारची संध्याकाळ मानवते. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, ठाणे-वाशीच्या ट्रान्स हार्बर मार्गावरही बरेचदा असतो. सकाळचा कार्यक्रम ठेवला तर दादरहून निघालेला लेखक आणि डोंबिवलीहून निघालेले वाचक दोघेही फलाटावर ताटकळतात. संध्याकाळी सातनंतर सुरुवात ठेवू नका. ज्येष्ठ मंडळींची जेवणाची वेळ होते आणि शेवटच्या प्रश्नाआधीच खुर्च्या सरकवल्याचा आवाज सुरू होतो.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बहुतेक लेखक डिसेंबरपासूनच अडकलेले असतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळा-कॉलेजं त्यांना घेऊन जातात. त्या तारखांच्या मागे न लागता पुढचा शनिवार मागा. दहावी-बारावीच्या परीक्षांत घरंच्या घरं बाहेर पडत नाहीत. गणपतीत रस्ते बंद. गुढीपाडव्याला सकाळी अर्धं ठाणं स्वागतयात्रेत असतं.

दिवाळीनंतरचा शनिवार मात्र मी कधी सोडत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून चालत आलेल्या सवयीमुळे त्या दिवसांत वाचकाच्या हातात अंक असतोच. त्या शनिवारी मी तिघांना बोलावते: ठाणे, मुलुंड, कल्याणकडचे कथाकार किंवा कवी, ज्यांचं लिखाण यंदाच्या एखाद्या अंकात आलं आहे. प्रत्येकाला बारा मिनिटं. स्वाक्षरी अंकातल्या त्यांच्याच कथेच्या पहिल्या पानावर. ज्याचं पुस्तक अजून निघालेलं नाही अशा लेखकाला समोर बसलेला वाचक मिळवून देण्याची याहून सोपी वाट मला माहीत नाही. आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं पुस्तक निघतं तेव्हा तो पहिला फोन आपल्याला करतो.

निमंत्रण

पुस्तक आधी स्वतः वाचा, शेवटपर्यंत. त्याशिवाय फोन उचलू नका.

मग प्रकाशकाला कळवा आणि लेखकाला लिहा. दोन्ही एकाच दिवशी, म्हणजे कोणालाच डावलल्यासारखं वाटत नाही. दोन महिने हाताशी ठेवा. एक तारीख न देता तीन द्या. लिहिताना मोघम राहू नका: किती माणसं बसतात, किती वेळ वाचायचं आहे, मानधन किती, ने-आण कोण करणार, किती प्रती मागवणार, चित्रीकरण होणार की नाही. ‘एकदा आमच्या दुकानात या ना’ याला लेखक ‘हो हो, नक्की’ म्हणतात आणि गोष्ट तिथेच राहते. पुस्तकातल्या कोणत्या भागाने तुम्हाला धरून ठेवलं ते दोन ओळींत लिहा. लेखक त्या दोन ओळींसाठी येतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नावाजलेल्या लेखकांच्याच मागे लागू नका. अनुवादक बोलवा; मूळ परिच्छेद आणि आपला अनुवाद त्यांनी पाठोपाठ वाचला की लोक श्वास रोखून ऐकतात. मुलांसाठी लिहिणारे बोलवा, पण त्यांना संध्याकाळी पाचची वेळ द्या आणि वाचन वीस मिनिटांत आटपा. आपल्याच पेठेत, आपल्याच सोसायटीत राहणारा कवी असेल तर त्याला तर पहिल्यांदा.

प्रती

माझ्याकडे तीस खुर्च्या आणि पुढे सतरंजी मिळून चाळीसेक माणसं बसतात. त्यांच्यासाठी नव्या पुस्तकाच्या वीस-पंचवीस प्रती आणि त्याच लेखकाच्या आधीच्या प्रत्येक पुस्तकाच्या पाच-पाच पुरतात. परतीच्या बोलीवर मागवा. एखादं जुनं पुस्तक प्रकाशकाकडेच संपलेलं असेल तर ते लेखकाला आधीच सांगा, म्हणजे तो वाचायला दुसरं निवडेल. ऐकलेलं पुस्तक विकत मिळत नाही म्हटल्यावर माणसं खरोखर नाराज होतात.

पुण्याच्या पुस्तकबाजारातून, अप्पा बळवंत चौकाकडून येणारे गठ्ठे निदान आठवडाभर आधी दुकानात हवेत, कारण प्रत्येक प्रत तपासायची असते. पुस्तक बहुतेकदा सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात; फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच. बांधणीत एखादा फर्मा दोनदा लागतो, एखादा गळतो, एखादा उलटा बसतो. अशी प्रत प्रकाशक बदलून देतात, पण तिच्यावर ‘सौ. अमुक यांस’ असं लिहून झालं की ती कोणीही परत घेत नाही. १६-१७, ३२-३३, ४८-४९ अशा जोडांवर पान उघडून आकडे लागून येतात का ते बघायचं. एका प्रतीला अर्धं मिनिट लागतं. पावसाळ्यात हेच काम करताना पुठ्ठा वाकलाय का, पानांना दमटपणा धरलाय का तेही बघा. जून ते सप्टेंबर मी गठ्ठे जमिनीवर ठेवूच देत नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढणारे लेखक प्रती स्वतः आणतात. त्यांच्याशी तोंडी व्यवहार करू नका, ते कितीही ओळखीचे असोत. ओळखीचे असले तर मुळीच नको. साध्या कागदावर चलन करा: किती प्रती दिल्या, छापील किंमत, दुकानाचं कमिशन किती टक्के, पैसे कोणत्या तारखेला. खाली दोघांच्या सह्या. कार्यक्रम झाल्यावर त्याच कागदावर किती विकल्या, किती परत. लेखक आणि दुकानदार यांच्यातले बरेचसे रुसवेफुगवे या एका कागदाने टळतात.

लोकांना कळवणं

संदेश एकच, छोटा. मी असा लिहिते: ‘शनिवार, सायं. ६.३०. कथालेखिका नव्या संग्रहातले दोन अंश वाचतील, मग गप्पा, मग स्वाक्षऱ्या. घंटाळी देवीच्या देवळापासून चालत पाच मिनिटं. प्रवेश खुला. पुस्तकं विक्रीला आहेत, घरची प्रतही आणू शकता. पार्किंग नाही, स्टेशनहून चालत या.’ वर लेखिकेचं नाव आणि मुखपृष्ठाचं चित्र. सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, वाचनालयांचे सूचनाफलक, मराठी शाळांचे शिक्षक, वर्तमानपत्रातला आजच्या कार्यक्रमांचा रकाना. पंधरा दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा, बस. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे येतात आणि न सांगता येणारे ती जागा भरून काढतात.

सोसायटीत दुकान असेल तर सेक्रेटरींना आधी एक पत्र द्या आणि कार्यक्रमाला बोलवाही. स्पीकरचं तोंड दुकानाच्या आतल्या बाजूला ठेवा. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आपण त्याच्या खूप आधी आवरतो, पण शेजाऱ्यांना वेळ माहीत असली की वरून कोणी खाली येत नाही. रस्त्यावर खुर्च्या मांडू नका. त्याच्या परवानग्या निराळ्या, आणि हॉर्नच्या आवाजात कविता ऐकू येत नाही.

जागा आणि आवाज

मधली दोन कपाटं चाकांवर करून घ्या. माझ्या दुकानावर केलेला हा सगळ्यात उपयोगी खर्च. लेखकाला दाराकडे पाठ करून बसवू नका, नाहीतर उशिरा येणारा प्रत्येक माणूस त्याच्या खांद्यावरून आत शिरतो. दार श्रोत्यांच्या मागे हवं. लेखकाला हात असलेली खुर्ची, शेजारी छोटं स्टूल, त्यावर साधं पाणी, फ्रिजमधलं नाही. डोक्यावरचा पंखा बंद करा, तो पानं उडवतो आणि माइकमध्ये घोंघावतो. बाजूचे पंखे मंद चालू राहू देत. उजव्या हाताने पान उलटणाऱ्याला दिवा डावीकडून बरा पडतो.

माइक स्टँडवर. हातात माइक आणि हातात पुस्तक घेऊन चांगलं वाचता येत नाही, पान उलटायला तिसरा हात लागतो. कॉलर माइकही चालतो, पण सुती साडीच्या पदराशी किंवा खादीच्या झब्ब्याशी तो घासतो आणि खरखर येते, तेव्हा आधी लावून बघा. लेखकाला अर्धा तास आधी बोलवा आणि एक परिच्छेद रिकाम्या दुकानात वाचून घ्या. दुकान भरलं की माणसं आवाज शोषून घेतात, म्हणून रिकाम्या दुकानात जेवढा पुरेसा वाटतो त्याहून थोडा चढा ठेवायचा.

काय वाचायचं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी लेखकाला फोन करून विचारते, काय वाचणार आहात? निम्म्या वेळा उत्तर येतं, बघू, आयत्या वेळी उघडीन तिथलं वाचीन. तसं होऊ देऊ नका. आदराने, पण होऊ देऊ नका.

नेहमीच्या डेमी आकाराचं एक भरलेलं पान मोठ्याने, न घाई करता वाचायला साधारण अडीच मिनिटं लागतात. अर्ध्या तासात म्हणजे बारा पानं, तीही मध्ये न थांबता. प्रत्यक्षात दहाच धरा. ती एका दमात नकोत. दोन किंवा तीन तुकडे करा आणि मध्ये लेखकाने दोन वाक्यं बोलावीत: हा माणूस कोण, आपण गोष्टीत कुठे आहोत. पहिला तुकडा पुस्तकाच्या सुरुवातीचा असला की काही समजावून सांगावं लागत नाही. दुसरा संवादांचा असावा. कानाने ऐकताना वर्णनापेक्षा बोलणं लवकर पोचतं, त्यातही बोली असेल तर फार. मालवणी, अहिराणी, आगरी लिहिणाऱ्या लेखकाने स्वतः वाचलेला संवाद ऐकल्यावर, डोळ्यांनी वाचताना जड वाटलेलं पान एकदम मोकळं होतं. ठाणे जिल्ह्यात आगरी समजणारे वाचक समोर बसलेले असतात, ते वाक्य पुरं होण्याआधी हसतात आणि बाकीच्यांना त्यांच्यामागून कळत जातं.

शेवट वाचू नका. रहस्य फुटेल हे तर आहेच, पण ते सोडलं तरी, शेवटाचं वजन आधीच्या दोनशे पानांवर उभं असतं. ती पानं ऐकणाऱ्याने वाचलेली नसतात. जिथे ‘मग काय झालं?’ असं मनात येईल तिथे पुस्तक मिटायला सांगा. काही लेखकांना ते अपुरं वाटतं. त्यांना मी सांगते, उरलेलं वाचायला ती मंडळी काउंटरकडे येणारच आहेत.

ज्यांची नजर आता साथ देत नाही अशा लेखकांसाठी निवडलेली पानं मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून द्या. पाठपोट छापलेला कागद उलटताना माइकमध्ये फडफडतो. पुस्तक मात्र त्यांच्या मांडीवर राहू द्या. लोकांना ते तिथे दिसायला हवं.

कवितांचा हिशोब वेगळा. अर्ध्या तासात आठ-नऊ कवितांच्या वर जाऊ नका, आणि कवीला सांगा की एखादी कविता पुन्हा वाचायला हरकत नाही. आपल्याकडे ‘पुन्हा एकदा’ असं मागणारे श्रोते अजून आहेत, त्यांना मागू द्या. पहिल्या वेळी कविता कानावरून जाते, दुसऱ्या वेळी आत उतरते. टाळ्या प्रत्येक कवितेनंतर नकोत, हे सुरुवातीलाच हसून सांगून टाका.

चित्रीकरणाबद्दल एक. प्रकाशित पुस्तकातले वाजवी उतारे जाहीरपणे वाचायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम मोकळीक देतं, पण पूर्ण वाचन चित्रित करून इंटरनेटवर चढवणं ही निराळी गोष्ट. लेखक आणि प्रकाशक दोघांची लेखी संमती घ्या, नाहीतर दोन मिनिटांचा तुकडा ठेवा. श्रोत्यांनाही सांगा की फोन खिशात राहू द्या. समोर चाळीस फोन उभे असताना कोणालाही मनापासून वाचता येत नाही.

गप्पा आणि प्रश्न

गप्पा मारायला नामवंत मुलाखतकार लागत नाही, पुस्तक दोनदा वाचलेला एक वाचक लागतो. माझ्याकडे निवृत्त शिक्षिका, बँकेतली एक मुलगी आणि मेडिकलचं दुकान चालवणारे एक काका आळीपाळीने हे करतात आणि सुंदर करतात. त्यांना मी एकच गोष्ट सांगते: ‘लेखनाची प्रेरणा काय?’ असं विचारू नका, पुस्तकातल्या एखाद्या ठरावीक पानाबद्दल विचारा. पान क्रमांक सांगून विचारलेल्या प्रश्नाला लेखक वेगळंच, ताजं उत्तर देतात.

वाचकांच्या प्रश्नांच्या वेळी पहिलं अर्धं मिनिट शांतता असते. तिला घाबरू नका, पण नेहमीच्या एका वाचकाला पहिला प्रश्न तयार ठेवायला सांगा. दुसऱ्या टोकाला भाषण करणारे असतात. सुरुवातीलाच जाहीर करा: प्रश्न एका वाक्यात. तरी कोणी सुरू झालंच तर ‘काका, तुमचा प्रश्न असा घेऊ का?’ म्हणत त्यांच्या बोलण्यातलं एक वाक्य उचला आणि लेखकाकडे द्या. त्यांचाही मान राहतो, वेळही वाचतो. माइक श्रोत्यांत फिरवू नका. प्रश्न तुम्ही मोठ्याने पुन्हा सांगा.

स्वाक्षऱ्यांचं टेबल

आता ज्याच्यासाठी पाऊण तास राखला ते. टेबल काउंटरपासून लांब, भिंतीला लागून, आणि रांग एकाच दिशेने: आधी बिल, मग चिठ्ठी, मग लेखक, मग दार. रांग उलट फिरली की चाळीस माणसांच्या दुकानात कोणालाच हलता येत नाही.

चिठ्ठी म्हणजे काउंटरवर दिलेला छोटा कागद. त्यावर वाचकाने आपल्या हाताने, देवनागरीत, नाव लिहायचं. सुनीता की सुनिता, प्रीती की प्रिती, स्नेहल मुलगा की मुलगी, हे लेखकाला ऐकून कळत नाही. आपलं नाव ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर लिहिलेलं असावं असं प्रत्येकालाच वाटतं. भेट द्यायचं असेल तर ज्याला द्यायचं त्याचं नाव. काही लिहायचं नसेल तर ‘फक्त सही’. चिठ्ठी आतल्या शीर्षकपानावर खोचायची, म्हणजे पुस्तक तिथेच उघडतं. लेखकाशेजारी एक मदतनीस बसवा, जो पुस्तक उघडून पुढे सरकवतो, शाई वाळली की मिटून देतो आणि कोणी फोटो मागितला तर तोच काढतो. नाव चुकलंच तर काळजी करू नका, नवी प्रत द्या. ती एक प्रत दुकानाच्या खर्चात धरायची, वाचकाला खाडाखोडीचं पान द्यायचं नाही.

सही कुठे? मुखपृष्ठावर नाही, कोऱ्या पहिल्या पानावर नाही. शीर्षकपानावर, छापलेल्या नावाखाली. कोरं पान बांधणीत सगळ्यात आधी सुटतं. विकत घेतलेल्या प्रतीवर ‘सप्रेम भेट’ लिहू नये, ते लेखकाने स्वतः दिलेल्या प्रतीसाठी. इथे ‘सस्नेह’ पुरे. खाली तारीख आणि ‘ठाणे’ लिहायची आठवण मी करून देते.

पेनं दोन प्रकारची ठेवा. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांच्या नेहमीच्या बिनचकाकीच्या कागदावर साधं जेल पेन चालतं. चित्रांच्या पुस्तकांचा आर्ट पेपर गुळगुळीत असतो, त्यावर जेलची शाई तासभर पुसते. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्कर. शाईचं पेन वापरणाऱ्या लेखकांसाठी टीपकागद. पावसाळ्यात तर टीपकागदाशिवाय टेबल मांडूच नका.

एका वाचकाला एक-दीड मिनिट लागतं. पंचवीस-तीस जण असतील तर पाऊण तास भरलाच. ज्येष्ठ आणि लहान मुलं असलेल्यांना पुढे घ्या, बाकीच्यांना चहा द्या. पण रांग लांबली म्हणून ‘पटपट करा’ असं कोणाला म्हणू नका. त्या मिनिटात कोणी सांगतं की तुमची कथा माझ्या आईला दवाखान्यात वाचून दाखवली होती, कोणी नुसतंच बघत राहतं. लेखकाच्या आयुष्यात असे वाचक समोर येण्याचे प्रसंग थोडे, वाचकाच्या आयुष्यात त्याहून थोडे. वेळ कमी पडत असेल तर गप्पांतली पाच मिनिटं कापा, इथली नाही.

घरून आणलेल्या जुन्या प्रतीला नाही म्हणू नका. काही ठिकाणी आमच्याकडून घेतलेल्या पुस्तकावरच सही, असा नियम असतो. मला तो मान्य नाही. विसाव्या वर्षी घेतलेली, पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी लावलेली प्रत घेऊन जो माणूस येतो, तो लेखकाचा सगळ्यात जुना वाचक असतो. तो नवं पुस्तकही घेतोच बहुधा, आणि नाही घेतलं तरी काय बिघडलं?

लेखिका एकट्या आल्या असतील तर मदतनीस टेबल सोडून हलणार नाही हे बघा. लेखकाचा नंबर कोणी मागितला तर दुकानाचा द्या. स्टेशनपर्यंत कोणीतरी सोबत जा.

कमी माणसं आली तर

जुलैच्या पावसात आठ जण येतात. खुर्च्यांच्या रांगा मोडा, गोल करा, माइक बंद करा. पावसाची, मॅचची कारणं सांगून माफी मागू नका. जे आले आहेत त्यांचा तो अपमान होतो. असल्या संध्याकाळी लेखक जास्त वाचतात, मध्येच थांबून ‘हे वाक्य मी सहा वेळा बदललं होतं’ असलं काहीतरी सांगतात, आणि आलेल्या आठांपैकी सात जण पुस्तक घेऊन जातात.

हिशोब

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण बुकमार्क, पिशव्या विकत असाल तर त्यांचं बिल वेगळं ठेवा. यूपीआयचे दोन क्यूआर लावा, एक काउंटरवर, एक रांगेत. शंभराची आणि पन्नासाची सुटी आदल्या दिवशीच आणा.

बोलणं सुरू होण्याआधीच लेखकाकडून पाच-दहा जास्तीच्या प्रतींवर नुसती सही घेऊन ठेवा. संपल्यावर घेऊ म्हटलं तर त्यांचा हात दुखत असतो. जास्त घेऊ नका, सही झालेल्या प्रती परत जात नाहीत. त्यांना ‘स्वाक्षरी प्रत’ असा कागदी पट्टा गुंडाळा. स्टिकर नको, त्याचा गोंद मुखपृष्ठावरून निघत नाही. किंमत छापील तीच. ज्यांना यायला जमलं नाही ते आठवडाभर विचारत येतात.

दुसऱ्या दिवशी लेखकाला फोन करून किती प्रती गेल्या ते सांगा, आकडा चार असला तरी. प्रकाशकाच्या उरलेल्या प्रती चलनासह पंधरा दिवसांत परत, पैसे महिन्याच्या आत. चलनाची एक प्रत फाइलमध्ये लावा, खुर्च्यावाल्याचे पैसे त्याच संध्याकाळी द्या, आणि पुढच्या लेखकाच्या तीन तारखा सोमवारी सकाळी पाठवून टाका.